बदलून बघू

मराठी माणसाच्या कानाची मला अलीकडे काळजी वाटू लागली आहे. दाराची कडी वाजते ती खटखट, खिडकीचे तावदान वाजते ते थडथड, डब्यात तळाशी उरलेले शेंगदाणे वाजतात ते खुळखुळ, जुना पलंग वाजतो तो करकर आणि पेन्शनर वाजतो ती कुरकुर, असा ज्या भाषेत प्रत्येक आवाजाला स्वतंत्र संसार थाटून दिलेला आहे, त्या भाषेच्या मुलुखात मी गेले आठ महिने एका आवाजाचे नाव सांगत गॅरेजोगॅरेज फिरलो. प्रत्येक ठिकाणी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्यात आले आणि प्रत्येक ठिकाणी कागदावर एकच वाक्य लिहिले गेले : 'पुढून आवाज येतो.'

अहो, आवाज येतो म्हणजे काय येते? उद्या कुणी पोलीस चौकीत जाऊन आपला मुलगा हरवल्याचे सांगितले आणि हवालदाराने 'एक माणूस कमी आहे' एवढेच लिहून घेतले, तर त्याला आपण नोंद म्हणू का?

आमची गाडी लहान, पांढरी आणि नऊ वर्षांची आहे. माणसाच्या हिशेबाने ती साधारण माझ्या वयाची भरते, त्यामुळे आमचे एकमेकांशी बरे आहे. तिच्या पुढच्या अंगाला पावसाळ्याच्या शेवटी शेवटी एक आवाज सुरू झाला. काडेपेटीत दोन खडे घालून लहान मूल ती हलवते तसा. टक्-टक्, मग थोडी विश्रांती, मग तीन-चार एकदम. "खुळखुळतंय," ही म्हणाली. "खडखडतंय," मी म्हणालो. हा वाद लकडी पुलावर सुरू होऊन कोथरूडपर्यंत चालला. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही याहून क्षुल्लक विषयांवर याहून लांबचे प्रवास केलेले आहेत.

उतरताना ही आणखी एक वाक्य बोलली. "अहो, गंमत बघा. गल्लीतल्या त्या उखडलेल्या ब्लॉकवरून जाताना वाजतं, आणि कोपऱ्यावरच्या एवढ्या मोठ्या स्पीडब्रेकरवर चकार शब्द नाही."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ठेवले नाही, आणि त्याची किंमत पुढे आकड्यांत देणार आहे.

(त्या स्पीडब्रेकरबद्दलही दोन शब्द. गोलाकार गतिरोधक कसा असावा याचे माप इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली घालून दिलेले आहे. उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटरने जाणारी गाडी त्यावरून सुखाने पार व्हावी. आमच्या कोपऱ्यावरचा गतिरोधक एका रात्रीत जन्माला आला. त्याची उंची कुणी मोजली नाही, पण त्याची रुंदी एका झोपलेल्या माणसाएवढी आहे आणि त्यावरून पंचवीसने जाणारी गाडी दुसऱ्या बाजूला नुसते सुटे भाग म्हणून उतरेल. असो.)

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. गाडीला आवाज लागला की तिला स्थळे पाहायला आल्यासारखी माणसे जमतात. तळमजल्यावरच्या काकांनी बॉनेटवर दोनदा थाप मारून "शॉकअप गेले" असे सांगितले. काकांनी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनीअर मुलाने, जो कॉम्प्युटरचा इंजिनीअर आहे, बेअरिंगचे नाव घेतले. माझ्या मेहुण्याने तर मुंबईहून फोनवरूनच निदान केले : "भावोजी, रॅक. शंभर टक्के रॅक." फोनमधून त्याला आवाज ऐकवावा असे मला वाटले होते, पण त्याला त्याची गरज पडली नाही.

पहिला मुक्काम मोठ्या, काचेच्या, थंडगार सर्व्हिस सेंटरात. तिथे गळ्यात पट्टा अडकवलेला एक तरुण आला, त्याने मला 'सर' म्हटले, पाणी दिले, आणि हातातल्या पाटीवर बोटाने काहीतरी उमटवू लागला. मी सगळी हकीकत सांगितली. काडेपेटीची उपमाही दिली. तो म्हणाला, "सर, फ्रंट नॉइज टाकतो." मी म्हणालो, "एकदा माझ्याबरोबर चक्कर मारता का? पाच मिनिटांत वाजून दाखवते." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी पूर्वी एकदाच पाहिली होती, बँकेत, जेव्हा मी मॅनेजरला माझ्या सहीतला 'र' असा का येतो हे समजावून सांगत होतो.

संध्याकाळी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झालेली गाडी मिळाली. अकराशे पन्नास रुपये. आवाज होता तसाच, फक्त आता तो सरळ रेषेत येत होता. पुन्हा गेलो. "सर, मग दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलून बघू." नऊ हजार आठशे.

'बदलून बघू.' मला या शब्दांविरुद्ध लिहायचे आहे. बाकीचे सगळे प्रास्ताविक होते.

बदलून बघायला माझी मूळची हरकत नाही. पंख्याचा रेग्युलेटर आपण बदलून बघतो. चहात आले घालून बघतो. पण ज्या वस्तूचे नऊ हजार आठशे रुपये पडतात आणि जी एकदा गाडीखाली बसली की 'आवाज गेला नाही, परत घ्या' म्हणता येत नाही, ती बदलून 'बघायची' म्हणजे काय? डॉक्टरकडे खोकला घेऊन जावे आणि त्यांनी म्हणावे, "आधी डावे फुप्फुस बदलून बघू, राहिलाच खोकला तर मग उजवे," असे आपण चालवून घेऊ का? लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८१६ साली कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. त्याच्याही आधी, १७६१ साली, आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टराने छातीवर बोटांनी ठोकून आतले ओळखण्याची विद्या छापून प्रसिद्ध केली होती. एवढी वर्षे माणूस माणसाच्या छातीला कान लावतो आहे, आणि माझ्या गाडीच्या चाकाला कान लावायला कुणी तयार नाही! वास्तविक लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक लोखंडाला टेकवून मूठ कानाशी धरली की तोच स्टेथोस्कोप होतो. प्रत्येक गॅरेजात असे डझनभर स्टेथोस्कोप पडलेले असतात. त्यांनी नुसते स्क्रू पिळतात.

शॉकअप गेले की नाही हे बघायला तर स्क्रूड्रायव्हरही नको. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी वजन टाकून दाबायचे आणि सोडायचे. गाडी वर आली आणि निमूटपणे थांबली तर शॉकअपमध्ये अजून जीव असावा. ती वर-खाली, वर-खाली अशी डोलत राहिली तर गेला. या परीक्षेने कोवळा दोष सापडत नाही, हे खरे, पण फुकट आहे, आणि बाहेरून तेल गळते आहे का हे वाकून बघणेही फुकट आहे. हे मला शॉकअप बदलल्यावर कळले. माझे जुने शॉकअप मला खोक्यात घालून परत देण्यात आले. मी एक घरी उभा धरून दाबून पाहिला. दोन्ही हातांनी, शेवटी छातीनेही. तो पट्ठ्या माझ्याहून धडधाकट होता.

शॉकअप नवे झाल्यावर दोन दिवस आवाज आला नाही. म्हणजे तो येतच होता, पण नऊ हजार आठशे रुपये खर्च केलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "वाजतंय की हो." मी रेडिओ मोठा केला.

मग कोपऱ्यावरचे गॅरेज. तिथे वातानुकूलन नव्हते, 'सर'ऐवजी 'काका' होते, पण मंत्र तोच. "काका, वरचं माउंटिंग असणार. बदलून बघू." तीन हजार चारशे. इथे मी हिचे वाक्य सांगण्याचा प्रयत्न केला. ही शेजारीच उभी होती, ती स्वतःच सांगू लागली. गॅरेजवाल्याने ते तिच्याकडे पाठ करून, माझ्याकडे बघत ऐकले आणि मला उत्तर दिले : "काका, आवाज आवाजच असतो. रस्त्याचा काय संबंध?"

वाचकहो, रस्त्याचाच संबंध असतो! सगळे निदान त्यातच आहे. आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, या दोन प्रश्नांत आजार निम्मा ओळखता येतो. हे आता मी अधिकाराने सांगू शकतो, कारण या विद्येची फी मी पूर्ण भरलेली आहे. वाजत असताना ब्रेकवर पाय नुसता टेकवावा. आवाज थांबला तर तो सस्पेन्शनचा नसून बहुतेक ब्रेकच्या पॅडचा किंवा कॅलिपरच्या पिनांचा असतो. पॅड दाबले गेले की त्यांना वाजायला जागा उरत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढताना कट्-कट्-कट् असे ठेक्यात वाजले तर ते चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचे काम, त्यासाठी शॉकअप बदलणे म्हणजे दात दुखतो म्हणून चष्मा बदलणे. उभ्या गाडीत नुसते स्टीअरिंग फिरवताना कुरकुरले तर वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगवर संशय घ्यायला हरकत नाही. वेगाबरोबर घूं घूं वाढत गेले तर चाकाचे बेअरिंग. आणि मोठ्या खड्ड्यात एकच 'धप्' झाले, तर शॉकअपवाल्या काकांना बॉनेटवर थाप मारायचा हक्क आहे.

मात्र एक पथ्य. याच्या आधी गाडी रिकामी करावी. डिकीतला जॅक, छत्री, दाराच्या खणातली टोलची चिल्लर, बॅटरीची सैल पट्टी, नंबरप्लेट, यांतल्या प्रत्येकाने सस्पेन्शनचा आवाज काढून दाखवलेला आहे. लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो. डावीकडे वाजलेले उजवीकडे ऐकू येते.

माउंटिंग बदलूनही खडखड राहिली तेव्हा मेहुण्याचा एक माणूस उगवला. त्याने चावी घेण्यापूर्वीच सांगितले, "स्टीअरिंगचा रॅक. एकवीस हजार. बदलून बघू." तोपर्यंत माझे चौदा हजार तीनशे पन्नास रुपये बघण्यात गेले होते. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." महाराष्ट्रीय मध्यमवर्गात याचा अर्थ सर्वांना कळतो.

पुढले चार महिने मी आवाजासह काढले. या काळात मी एक फार वाईट गोष्ट शिकलो. ऐकू न येणे. रेडिओ लावायचा, काचा वर करायच्या, गल्लीतल्या ब्लॉकवरून जाताना मोठ्याने बोलायचे. ही मधूनच "अहो..." म्हणे, आणि मी "हो, हो, आहे माहीत" म्हणे. आम्ही या गाडीने साताऱ्याला जाऊन आलो. खंबाटकी घाटातून नातवाला मागे बसवून उतरलो. हे वाक्य लिहिताना आता माझ्या हाताला थोडा कंप सुटतो, त्याचे कारण पुढे येईल.

नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे मी एकदा वायपरचे रबर घ्यायला गेलो होतो. दुकानदाराकडे सवयीने गाऱ्हाणे गायले, तेव्हा तो म्हणाला, "पलीकडच्या बोळात मेस्त्री आहेत, त्यांना ऐकवा." बदलून घ्या म्हणाला नाही. ऐकवा म्हणाला. मी तसाच, हिला घेऊन, बोळात शिरलो.

मेस्त्री सत्तरीचे. टेबल नाही, पाटी नाही, एक जॅक, एक टॉमी, पान्यांची पेटी आणि एक पोऱ्या. मी सुरुवात केली, "पुढून आवाज येतो." आठ महिन्यांत मीही तसाच बोलू लागलो होतो.

"कसला?"

मला भरून आले. मी काडेपेटीची उपमा दिली. त्यांनी मान हलवली आणि हिला विचारले, "ताई, तुम्ही डावीकडं बसता. तुम्हाला काय वाटतं?"

ही म्हणाली, "ब्लॉकवर वाजतं, स्पीडब्रेकरवर वाजत नाही."

मेस्त्रींनी हातातली बिडी विझवली. "मग अर्धं काम झालं की."

त्यांनी जे सांगितले ते असे. पुढच्या दोन चाकांना आडवा जोडणारा एक लोखंडी दांडा असतो, गाडी वळणावर कलंडू नये म्हणून. त्याची दोन टोके दोन छोट्या लिंक रॉडांनी दोन्ही बाजूंना अडकवलेली असतात. गाडी सरळ गतिरोधकावर चढली की दोन्ही चाके एकदम वर जातात, दांडा नुसता आपल्या जागी फिरतो, त्याला पीळ बसत नाही, लिंकवर भार येत नाही. पण उखडलेल्या रस्त्यावर एक चाक वर, दुसरे खाली. मग दांडा पिळला जातो, लिंक कधी ओढली जाते कधी ढकलली जाते, आणि तिचा सांधा झिजलेला असेल तर प्रत्येक वेळी टक् होते. एवढे साधे! हे हिने पहिल्याच दिवशी, लकडी पुलावरून घरी येईपर्यंत, फुकट सांगितले होते.

"पण गाडी तीनदा वर उचलली होती हो," मी म्हणालो. "कुणाला सापडलं कसं नाही?"

"एक चाक जॅकवर लटकवलं की दांडा पिळलेलाच राहतो. लिंक ताठ होऊन बसते. हलवली तरी हलत नाही. दोन्ही चाकं एका पातळीत पाहिजेत."

तरीही मेस्त्रींनी 'बदलून बघू' म्हटले नाही. त्यांनी डिकी रिकामी केली (त्यात दिवाळीपासून हरवलेला हिचा स्टीलचा डबा सापडला, त्यात एक चकली होती, ती मात्र वाजत नव्हती). पोऱ्याने दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवून दांड्याची टोके तारेने बांधून टाकली. मग आम्ही चौघे गाडीत बसलो. रेडिओ बंद, पंखा बंद, काचा खाली. उखडलेल्या बोळातून अगदी हळू चक्कर मारली. गाडी गप्प. आठ महिन्यांनंतर मला आमच्या गाडीचे मौन ऐकू आले आणि एखाद्या गवयाच्या मैफलीत सम गाठल्यावर मान हलावी तशी माझी मान हलली.

लिंक काढल्यावर आवाज गेला, म्हणजे आवाज लिंकचाच. बदलण्याच्या आधी सिद्ध झाले. जोडी बाराशे रुपये.

या मुद्द्यावर मी सगळ्या गॅरेजवाल्यांना जाहीरपणे झोडपून काढणार होतो. आठ महिने शब्द जमवत होतो. पण त्यांची बाजू मेस्त्रींनीच मांडली. जुन्या अँबॅसिडरला पुढच्या सांध्यांना ग्रीसची निपले असत. दर काही महिन्यांनी मेस्त्री ग्रीसगन घेऊन खाली शिरे आणि शिरला की त्याला आपोआप सगळे दिसे. आता सांधे बंद डबीत येतात, ते उघडत नाहीत, दुरुस्त होत नाहीत, गेले की फेकायचे. त्यामुळे बदलण्यात पाप नाही, बदलणे हीच आजची दुरुस्ती आहे. "पण साहेब, ऐकायला तास जातो," मेस्त्री म्हणाले. "तासाचे पैसे कोण देतं? पार्ट बसवला तर मजुरी मिळते. मग पोरं काय करणार? पार्ट बसवणार."

मी जोरजोराने मान हलवली. अगदी बरोबर आहे, असे म्हणालो. ऐकण्याला किंमत राहिली नाही, असेही म्हणालो. मग मेस्त्रींनी हिशेब सांगितला.

"लिंकचे बाराशे. मजुरी तीनशे. आणि बघायचे दोनशे."

"बघायचे कसले दोनशे?"

वाक्य माझ्याच तोंडून आले. मी ते परत आत ओढायचा प्रयत्न केला, पण वाक्यांना डबीत बंद करता येत नाही. ही माझ्याकडे बघू लागली. पोऱ्या बघू लागला. मेस्त्री बघत नव्हते, त्यांना सवय होती.

तेव्हा खरा गुन्हेगार कोण, हे या लेखात मला नाइलाजाने लिहावे लागत आहे. काचेच्या थंडगार खोलीत मी नऊ हजार आठशे रुपये दिले, कारण त्याबद्दल मला खोके मिळाले. वजनदार, छापील, आत काळीभोर वस्तू असलेले. तीन हजार चारशेबद्दल एक लहान खोके मिळाले. आपण मध्यमवर्गीय माणसे खोक्याला पैसे देतो. जो माणूस गाडीखाली अर्धा तास पडून 'काही बदलायला नको' असे सांगेल त्याला आपण चहा पाजतो आणि 'बरंय, येतो' म्हणतो. त्याने शंभर रुपये मागितले तर चौकात सांगत फिरतो की काहीच केले नाही आणि शंभर घेतले. टीव्ही दुरुस्तीवाल्याला आपण तेच केले, घड्याळजीला तेच केले. ते गेले. आणि मग आपणच म्हणतो, हल्ली कुणी नीट बघत नाही!

त्या काकांनाही, सर्व्हिस सेंटरातल्या त्या पोरालाही, आम्हीच शिकवले आहे की आमचे ऐकू नका, आम्हाला काहीतरी विका.

मी खिशात हात घातला, पण त्यापूर्वी मेस्त्री म्हणाले, "थांबा, वर आहेच तर चाकं बघतो." दोन्ही चाके वर होती. त्यांनी उजवे चाक माथ्यावर आणि तळाशी धरून आत-बाहेर हलवले. थोडेसे, अगदी भाताच्या शितभर, हलले. पोऱ्याला आत बसवून ब्रेक दाबायला लावला आणि पुन्हा हलवले. तरी हलले. "बेअरिंग असतं तर ब्रेकनं थांबलं असतं," ते पुटपुटले. मग खाली शिरले, टॉमी घातली, उचकटली आणि मला बोलावले. मी धोतर नेसत असतो तर खोचले असते, पॅण्टीसकट जमिनीवर झोपलो.

खालच्या आर्मच्या टोकाला, जिथे चाक त्यावर टेकून वळते, तिथे एक गोळीचा सांधा असतो, बॉल जॉइंट. त्याची रबरी टोपी फाटून लोंबत होती. आत ग्रीस नव्हते, चिखल होता. टॉमी दाबली की गोळी वाटीत वर-खाली होत होती.

"हा वाजत नाही?" मी विचारले.

"अजून नाही. किंवा वाजत असंल, लिंकच्या गोंगाटात कुणाला कळतंय. ती लिंक आयुष्यभर वाजली असती तरी बहुधा नुसतीच वाजली असती. हा निसटला की चाक आडवं पडतं."

मला खंबाटकी घाट आठवला. मागे बसलेला नातू आठवला. आवाजासाठी तीन वेळा गाडी वर गेली होती, तिन्ही वेळा ही फाटकी टोपी कुणाच्या तरी नाकासमोर वीतभर अंतरावर लोंबत होती. ते सगळे बदलायला आले होते, बघायला नव्हे. आणि मी वर रेडिओ मोठा करून बसलो होतो.

"मेस्त्री," मी म्हणालो, "हेही बदलून बघू या का?"

"हे बदलून बघायचं नाही साहेब. हे बदलायचं."

बॉल जॉइंट सुटा मिळत नव्हता, अख्खा आर्म घ्यावा लागला. दोन हजार सहाशे. तो आणायला पोऱ्या पळाला तेव्हा मी आणि ही बोळात एका उलट्या डब्यावर बसून राहिलो. ही काही बोलली नाही. मीही 'खुळखुळ' हा शब्द मान्य केला.

संध्याकाळी मेस्त्रींनी पावतीपुस्तक काढले. जुने, छापील, तीन रकाने : मालाचे नाव, नग, दर. लिंक रॉड, नग दोन. लोअर आर्म, नग एक. मजुरी. मग ते पेन्सिल धरून थांबले. "हे दोनशे कुठं लिहू? नको, राहू द्या."

"नाही, नाही," मी म्हणालो, "लिहा."

त्यांनी थोडा विचार केला आणि मालाच्या रकान्यात सावकाश, गोल अक्षरात लिहिले : आवाज. नग एक. दोनशे.